न संपलेला सव्वा तास

१

पार उत्तरेला, जिथे झाड म्हणून उगवत नाही, तिथे समुद्राच्या काठी पिंगुक नावाचं एक गाव होतं. त्या गावात ऊलीपिका नावाची बाई राहायची. तिचा नवरा कधीच समुद्राने नेला होता. तिला एक मुलगा होता, उयाराक. एक सून होती, लीटिया. आणि एक धाकटा भाऊ होता, तुकिकी. तो गावच्या विमानतळावर कामाला होता.

विमानतळ म्हणजे काय, तर खडीची एक लांब पट्टी, कडेला एक हिरवी शेड, शेडीत एक शेगडी आणि एक रेडिओ. शेडीवर वाऱ्याची लाल पिशवी फडफडायची. एवढंच. पण गावाला बाहेरचं दार तेवढं एकच.

पलीकडचं मोठं गाव सिक्सिलिक. किती लांब? ऊलीपिकाच्या बापाला विचारलं असतं तर त्याने कुत्री जुंपून वाटेत कुठे कुठे मुक्काम पडतो ते सांगितलं असतं, आणि कुठल्या मुक्कामाला कोण मेलं तेही सांगितलं असतं. आता मुक्काम कोणी मोजत नव्हतं. दोन पंख्यांचं विमान सव्वा तासात यायचं. वारा समोरून असला तर थोडा जास्त, पाठीशी असला तर थोडा कमी. पण तोंडात शब्द बसला होता तो सव्वा तासाचाच.

तिकडून विमान उडालं की वैमानिक रेडिओवर सांगायचा. तुकिकी ते ऐकून गावच्या रेडिओचं बटण दाबायचा आणि एकच शब्द बोलायचा, "निघालं." घराघरात ओट्यावर रेडिओ लावलेला असायचा. तो शब्द ऐकला की बायका सीलचं मटण चुलीवर चढवायच्या. मटण शिजलं की बूट घालायचे. मग बाहेर कुत्री कान टवकारायची, आणि सगळं गाव पट्टीकडे निघायचं. आपलं कोणी येत असो वा नसो, जायचंच. विमानाचं दार उघडलं की खालून नाव घेऊन हाक मारायची, आणि ज्याला हाक आली त्याने पायरी उतरायची. वैमानिक वैतागायचे, थंडीत दार उघडं राहतं म्हणून. पण पिंगुकमध्ये बिनहाकेचा माणूस कधी उतरला नव्हता.

२

लीटियाला दिवस भरत आले तेव्हा गावच्या नर्सने तिला रिवाजाप्रमाणे सिक्सिलिकच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. उयाराक सोबत गेला. बायकोवर त्याचा जीव फार. घरात ऊलीपिका एकटी उरली.

चार दिवस गेले, आठ दिवस गेले. बर्फ असं छान धरलं होतं की सील श्वास घ्यायला येतात ती भोकं लांबून दिसत होती. आणि घरात मटण संपलेलं. शेजारणीकडून किती दिवस आणायचं? ऊलीपिकाने नर्सच्या खोलीतून फोन लावला.

"बाळंत ती होणार आहे की तू?" ती मुलाला म्हणाली.

"आई, आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

"आठवडाभर मी काय बूट उकडून खाऊ? तिथे खुर्चीवर बसून तू करणार काय, सांग ना. ये इकडे. पोर झालं की परत जा."

तो हसला. "येतो बाई, येतो. उद्याच्या विमानाने येतो. चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर तुकिकी म्हणाला, "निघालं." ऊलीपिकाने उसनं आणलेलं मटण चढवलं. मटण शिजलं. तिने बूट घातले. कुत्र्यांनी मान वर केली नाही. ती दारात उभी राहिली, परत आली, मटणात पाणी घातलं. मटण गळलं, हाडं सुटली, खाली लागलं. विमान आलं नाही.

मग शोध झाला. दक्षिणेकडून मोठी विमानं आली, गावचे पुरुष बर्फगाड्या घेऊन गेले, नाकाची सालं निघेपर्यंत फिरले. एक चाक मिळालं नाही, एक पत्रा मिळाला नाही. वैमानिक आणि तीन उतारू, जणू कोणी पुसून घेतले. शेवटी शोध थांबला.

आणि त्याच सुमाराला लीटियाला मुलगा झाला.

त्या लोकांत अशी रीत की घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव पुढे जन्मलेल्या मुलाला द्यायचं. म्हणजे नाव उघड्यावर कुडकुडत नाही, माणूस घरी परत येतो. पण आधी माणूस गेला हे डोळ्यांनी बघायचं. बघायला मिळालं नाही तर उन्हाळ्यात बर्फ फुटेपर्यंत थांबायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊलीपिकालाही होतं.

"ताई, थांब," तुकिकी म्हणाला. "बर्फ फुटू दे. मग बघू."

"बघायचं काय राहिलंय? सगळं बघून आलात ना तुम्ही? माझ्या पोराचं नाव या वाऱ्यात उघडं टाकू?"

"घाई नको करू एवढंच म्हणतो."

"तुझा मुलगा असता तर तू घाई केली नसतीस?"

तिने फोन लावला. तिकडच्या नर्सला सांगून बाळाच्या कानाला फोन धरायला लावला, आणि हळू आवाजात म्हणाली, "उयाराक. घरी ये." बाळ रडत होतं ते थांबलं.

मग फोन लीटियाने ओढून घेतला. "काय केलंत हे? तो मेला नाहीये! तुम्हीच त्याला बोलावलंत सासूबाई, तुम्ही! आणि आता तुम्हीच त्याला मारलंत."

ऊलीपिकाने फोन ठेवला.  तिचं मन मात्र शांत झालं होतं, अगदी पोटभर जेवल्यासारखं.

३

वसंतात लीटिया बाळाला घेऊन आली. सगळं गाव पट्टीवर. दार उघडल्यावर ऊलीपिकाने हाक मारली, "उयाराक!" आणि लीटिया बाळाला छातीशी धरून खाली उतरली. तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण नाव एकदा बसलं की बसलं. आता ते बाळ ऊलीपिकाचा मुलगा आणि लीटियाचा नवरा. शेजारणी येऊन चेष्टा करायच्या.

"काय गं लीटिया, नवरा रात्री झोपू देतो का?"

"नवरा सारखा पितो तुझा. आधीपासूनच पिणारा होता म्हणा!"

"अगं नवऱ्याने मुतलंय बघ माझ्या मांडीवर. लाज म्हणून नाही."

बायका हसायच्या. लीटिया हसायची नाही. ती त्याला "बाळ" म्हणायची. मग एके दिवशी त्याला पाजता पाजता ती स्वतःशीच कुजबुजली, "अहो, हळू की जरा," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ऊलीपिका उलू, म्हणजे अर्धचंद्री सुरी, घेऊन कातडं खरवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं. बरं वाटलं तिला.

बाळ गुटगुटीत होतं. ऊलीपिका त्याला अमाउतीच्या, म्हणजे बायकांच्या केसाळ कोटाच्या, मोठ्या टोपीत पाठीवर घालून गावभर हिंडायची. मानेवर त्याचा श्वास उबदार लागायचा.

आणि मग एका दुपारी, विमानाचा वार नसताना, ओट्यावरच्या रेडिओतून आवाज आला. तुकिकीचा नव्हता तो. खरखर होती, आणि खरखरीच्या मागे एक माणूस शांतपणे, रोजचं काम केल्यासारखा बोलला: "सिक्सिलिकहून निघालो."

ऊलीपिका उठली. सवयीने तिने मटणाचं भांडं चुलीवर ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं की आज कशाला?

ती बाहेर आली. शेजारचीही दारात आली होती. पलीकडचीही.

"आज विमान आहे?"

"असेल. तुकिकीला विचारा."

गाव पट्टीवर गेलं. ऊन पडलं होतं, आभाळ स्वच्छ, बर्फावर नजर ठरत नव्हती. तुकिकी शेडीच्या दारात उभा होता.

"मी नाही बोललो रेडिओवर," तो म्हणाला. "कुठल्या तरी लांबच्या विमानाचे शब्द असतील. थंड हवेत उड्या मारतात ते. कधी कधी रशियातलं गाणंही येतं."

सगळ्यांना पटलं. सगळे हसले, एकमेकांना चिडवत घरी गेले. घरी लीटिया बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"केव्हापासून पीत नाहीये," ती म्हणाली. "तोंडच लावत नाहीये."

४

दुसऱ्यांदा रेडिओ तसाच बोलला तेव्हा थोडेच लोक बाहेर आले. या खेपेला आवाजही आला. दोन पंख्यांचा घरघराट, दक्षिणेकडून, खूप लांबून. कुत्री उभी राहिली. पण कोणी भुंकलं नाही. सगळी कुत्री एका दिशेला तोंड करून उभी राहिली आणि हळूहळू साखळी संपेपर्यंत मागे सरकत गेली.

आभाळात काही नव्हतं. ढगही नव्हता, त्याच्या आड असेल म्हणायला. आवाज अर्ध्या वाटेपर्यंत आला असेल, आणि चुलीवरून भांडं उचलल्यावर उकळी बसते तसा बसला.

ऊलीपिका तशी डोक्याची बाई. ती थेट वीजघरात गेली. म्हटलं, जनित्राचा आवाज असेल, वाऱ्याने फिरून येत असेल. वीजघरात माणूस तेल बदलत बसला होता. जनित्र सकाळपासून बंद होतं.

"काय झालं काकू?"

"काही नाही. बघायला आले."

ती घरी आली तर लीटिया ओरडली, "सासूबाई, इकडे या! याच्या पापण्या बघा!"

घरात चूल धडधडत होती. लीटिया नुसत्या सदऱ्यात बसली होती, कपाळावर घाम. आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या पापण्यांवर दंव गोठलं होतं. पांढरं, बारीक, जसं शिकारीहून आलेल्या माणसाच्या पापण्यांवर असतं. ऊलीपिकाने जिभेने ते चाटून काढलं. थंडगार होतं, आणि चव विमानाच्या तेलाची.

बाळ रडत नव्हतं. ते दाराकडे बघत होतं. पोरं दिव्याकडे बघतात, चेहऱ्याकडे बघतात. हे दाराकडे बघत होतं, उठून जायचं असल्यासारखं.

थोड्या वेळाने त्याचं अंग उबदार झालं. ते प्यायलाही लागलं. नर्सने तपासलं, वजन केलं, म्हणाली पोर ठणठणीत आहे, तुम्ही घर जरा कमी तापवा. लीटियाने तिचे आभार मानले.  वाटेत दोघींच्या मनात एकच आलं, आणि ते दोघींनाही कळलं.

उयाराकला घेऊन फेब्रुवारीत निघालेलं ते विमान. त्याचा सव्वा तास अजून संपला नव्हता.

५

त्यानंतर घराघरातले रेडिओ बंद झाले. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण झाले. आवाज आला की लोक पडदे ओढायचे. आवाज दर खेपेला थोडा आणखी जवळ यायचा. एकदा खाडीपलीकडच्या डोंगरापर्यंत आला. बाळाचे ओठ निळे झाले, नखं निळी झाली, आणि गारठून आवळलेली मूठ उघडेपर्यंत लीटिया त्याला स्वतःच्या कातडीला लावून बसली.

ऊलीपिका शेडीत भावाकडे गेली. तो चहा ओतत होता.

"तुला ऐकू येतं ना सगळं," ती म्हणाली. "काय बोलतो तो?"

"नेहमीचंच. निघालो. इतकी माणसं आहेत. हवा बरी आहे."

"आणि?"

"आणि विचारतो, खाली घ्यायला कोण आलंय."

"मग तू काय सांगतोस?"

"मी खिशात हात घालून बसतो, ताई."

ती शेगडीपाशी बसली. मग म्हणाली, "तू सांगितलं होतंस तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

"आता ते काढून काय उपयोग?" तुकिकी म्हणाला. "एक नाव आणि ओढणारे दोन. पोरावरचं नाव काढ, दुसरं ठेव. मग तो उतरेल."

"उतरेल तो कोण असेल?"

 कप भरून वाहायला लागला, चहा मेजावरून खाली टपकायला लागला, तरी तुकिकी ओततच राहिला.

६

लीटियाच्या कानावर ते गेलंच. गाव ते केवढं.

"नाव काढा त्याच्यावरचं," ती म्हणाली. ती दाराला पाठ लावून उभी होती. "तुमच्या बापाचं ठेवा, कोणाचंही ठेवा. मला माझा माणूस परत हवाय."

"आणि हे पोर?"

"पोराला काही होणार नाही. त्याचा बाप येईल. तुम्हाला काय, तुम्हाला मुलगा मिळालाय. मांडीवर बसणारा, उलटून न बोलणारा, बायकोकडे न पळणारा! तुम्हाला हाच बरा."

हे ऊलीपिकाच्या काळजात घुसलं, कारण त्यातलं थोडं खरं होतं.

"बरं," ती म्हणाली. "आण इकडे."

तिने बाळाला समोर धरलं. त्याच्या कानाजवळ तोंड नेलं, आपल्या बापाचं नाव ओठांवर आणलं. "आजपासून तू—"

बाळाचे डोळे उघडेच राहिले, पण बघेनासे झाले. हातातलं वजन गेलं. जडही नाही, सैलही नाही, नुसतं गेलं, जसं पोतं रिकामं होतं. आणि त्याच क्षणी खिडकीची काच थरथरायला लागली. आवाज आता गावावर होता.

लीटियाने झेप घेऊन सासूच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की दात ओठात रुतला, रक्त आलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. बाळाने मोठा श्वास घेतला.

लीटियाने हात काढला. सासूकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग पार्का, तो जाड टोपीचा कोट, न घालता, नुसती, दार उघडून बाहेर पळाली. पट्टीच्या दिशेने.

ऊलीपिकाला एकच कळलं: ही हाक मारणार. नवऱ्याची बायकोच ती. समोर दिसल्यावर कशी राहील? आणि ती एकदा उयाराक म्हणाली की झालं. तिने बाळाला अमाउतीत पाठीवर टाकलं आणि म्हाताऱ्या पायांनी धावत सुटली.

७

गावात कोणी नव्हतं. दारं लावलेली. कुत्री साखळीला ताण देऊन जमिनीला चिकटलेली. लख्ख ऊन होतं.

पट्टीवर वाऱ्याने बारीक बर्फ गुडघ्याएवढं उडत होतं, धुरासारखं. शेडीजवळ लीटिया नव्हती. कुठेच नव्हती. आणि आवाज थांबला होता.

मानेवर बाळाचा श्वास लागत नव्हता. पाठीवर गार दगड ठेवल्यासारखं वाटत होतं.

उडत्या बर्फात विमान उभं होतं. सगळं दिसत नव्हतं. पंखाचा तुकडा दिसे, मग जाई. खिडक्या दिसल्या, दोन. खिडक्यांत माणसं बसली होती, सरळ, तिच्याकडे बघत. इतक्या थंडीत काचेमागे माणूस बसला की काच श्वासाने धुरकटते. त्या काचा स्वच्छ होत्या.

दार उघडं होतं. दारात तो उभा होता. पायरीच्या दांड्यावर त्याचा हात होता, मोजा नसलेला. पार्का तिने शिवलेली. टोपीची लव वाऱ्यावर हलत होती, आणि टोपीच्या आत तिने एकदाच पाहिलं. परत पाहिलं नाही.

"आई," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. थकलेला, थोडा ओशाळलेला. "उशीर झाला."

 ऊलीपिकाची जीभ पुढे आली होती, नाव जिभेवर आलं होतं. एक शब्द. मुलगा समोर, हाताच्या अंतरावर. आई म्हणून जन्मात एकच काम असतं, पोराला घरात घेणं.

"हाक मार ना," तो म्हणाला. "इथे फार गार आहे."

पाठीवरच्या दगडाने मंद हालचाल केली. एक बोट तिच्या मानेवर आलं आणि घसरलं.

"मी तुला ओळखत नाही," ऊलीपिका म्हणाली.

वारा थांबल्यासारखा झाला.

"आई?"

"कोणाची आई? माझा मुलगा माझ्या पाठीवर आहे. तू चुकीच्या गावात उतरतोयस. इथे तुझं कोणी नाही. कोणी तुला घ्यायला आलेलं नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. लहानपणी रागावल्यावर जसा गोंधळून बघायचा तसा थोडा वाकला, जणू तिचा चेहरा नीट बघून घेतोय, आणि म्हणाला,

"मग मी कोण?"

ऊलीपिकाने तोंड फिरवलं. पट्टीला पाठ केली, म्हणजे बाळच विमानाच्या बाजूला झालं हे तिच्या नंतर लक्षात आलं. पण पाय हलेनात. ती तशीच उभी राहिली. मागे दार बंद झाल्याचा आवाज आला. पंखे फिरले. आवाज पट्टीवरून गेला, खाडीवरून गेला, डोंगरावरून गेला. दक्षिणेकडे नाही. वर, उत्तरेला, जिथे गाव नाही, पट्टी नाही, काहीच नाही.

मानेवर उबदार ओलं काहीतरी लागलं. बाळ शिंकलं होतं. आणि मग ते असं रडायला लागलं की पडद्यामागचं सगळं गाव बाहेर आलं.

लीटिया शेवटी आली, शेडीच्या बाजूने. तिचे कान गारठून पांढरे पडले होते.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही," ऊलीपिका म्हणाली. "चुकलेलं विमान."

लीटियाने बाळ काढून घेतलं आणि पुढे चालू लागली.

८

त्यानंतर विमान पुन्हा आलं नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटलं, त्यातूनही काही निघालं नाही.

सासू-सुना एका छपराखाली राहिल्या. भांडल्या नाहीत. भांडायला बोलावं लागतं. "मीठ द्या", "पोर उठलंय", एवढंच. गावचे म्हणायचे, त्या घरात चूल पेटते पण घर तापत नाही. ऊलीपिका शिवायची, कातडी खरवडायची. कधी मध्येच तिचा हात थांबायचा, ओठ हलायचे, कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर जुळवत असल्यासारखे. उत्तर तिला कधी जुळलं नाही.

पोर वाढलं. दणकट निघालं, हसरं. शिकारीत त्याचा हात बसला. आणि एका वर्षी बर्फ छान धरलं असताना तो पहाटे मामाआजोबा तुकिकीबरोबर गेला, आणि दुपारी एक जाडजूड सील ओढत घेऊन आला. आयुष्यातली पहिली शिकार.

पहिली शिकार घरात ठेवायची नसते, सगळ्या गावाला वाटायची. जमिनीवर पुठ्ठा पसरला. शेजारणी उलू घेऊन आल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं. "लीटिया, नवरा कमावता झाला गं तुझा!" आणि त्या दिवशी लीटिया हसली. खदखदून हसली. पोरगा लाजून लाल झाला.

पोट फाडलं, वाफ निघाली. लीटियाने काळीज कापून घेतलं. सगळ्यात चांगला तुकडा कोणाला द्यायचा हे तिच्या हातात होतं. ती उठली आणि कोपऱ्यात बसलेल्या सासूसमोर येऊन बसली.

"मी शेडीमागे होते तेव्हा," ती हळू म्हणाली. "सगळं ऐकलं. तो मला दिसत होता, सासूबाई. मला दिसत होता आणि मी तोंडात बर्फ कोंबून बसले होते."

ऊलीपिकाने तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते पाप तिचं एकटीचं आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या एकटीवर राग धरणं सोपं होतं," लीटिया म्हणाली. मग तिने आपल्या हाताने तो तुकडा सासूच्या तोंडात घातला. "खा आई. गार होईल."

ऊलीपिकाने खाल्लं. रक्त हनुवटीवर ओघळलं, ते सुनेने अंगठ्याने पुसलं. मग दोघींनी मिळून मटण वाटलं, आणि इतकं होतं की गावात एकही घर वाट्यावाचून राहिलं नाही. त्या वर्षीपासून त्या घराला मटणाची ददात पडली नाही. पुढे त्या पोराचं लग्न झालं, त्याला पाच मुलं झाली, आणि पाचही जगली.